निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

मी नेमकं काय काम करत होते, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी नीट कळलं नाही. ती लोकांना सांगायची, "आमची सुलभा रक्त तपासते." पुण्याजवळ सूसला आमच्या सोसायटीत तर मी अर्धी डॉक्टरच आहे. लिफ्टमध्ये कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "काकू, हा रिपोर्ट बघता का जरा?" मी रक्त तपासत नव्हते, रक्त तपासायचं सामान बनवत होते, असं मी सांगते. समोरचा माणूस समजल्यासारखी मान हलवतो आणि मोबाइल तसाच धरून ठेवतो.

तेव्हा आधी कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

उरवड्याच्या एका लहान कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी पाहायचे. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग ठोकणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारे आणि मध्ये आम्ही, पांढरे कोट घातलेले. शेजारच्या प्रेसचा दणका बसला की आमच्या नाजूक काट्यावरचे आकडे हलायचे. मग दणके थांबेपर्यंत आम्ही चहा प्यायचो.

रोगजंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. काही माणसांच्या शरीरात मात्र ही प्रतिपिंडं स्वतःच्याच पेशींच्या विरुद्ध तयार होतात. मग कुणाचे सांधे धरतात, कुणाची कातडी आवळते, कुणाची मूत्रपिंडं जातात. का होतं, याचं पुरतं उत्तर कुणाकडे नाही. ही उलटी फिरलेली प्रतिपिंडं रक्तात आहेत का, हे शोधायचं किट आम्ही बनवायचो. प्लॅस्टिकच्या पट्टीत ओळीनं बारीक खळगे असतात. त्यांना आम्ही 'वेल' म्हणायचो. नवीन मुलींना पहिल्या दिवशी हा वेल कुठल्या मांडवावर चढतो, हे विचारायची मुभा होती, दुसऱ्या दिवशी नाही. खळग्याच्या तळाशी पेशीतलं एखादं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी, थेंबभर घालायचं. त्यात तसली प्रतिपिंडं असतील तर ती तळाला धरून बसतात, धुतलं तरी निघत नाहीत. शेवटी रंगाचं औषध घातलं की तो खळगा पिवळाधमक होतो. नसतील तर पाण्यासारखा स्वच्छ राहतो.

पण रंग आला तो आजारामुळे आला की औषध बिघडल्यामुळे, हे कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक किटमध्ये दोन कुप्या घालाव्या लागतात, त्यांना 'कंट्रोल' म्हणतात. लाल झाकणाच्या कुपीत खात्रीनं आजारी असलेल्या माणसाचं सीरम. हिरव्या झाकणाच्या कुपीत खात्रीनं निरोगी माणसाचं. लालचा खळगा पिवळा झाला आणि हिरव्याचा स्वच्छ राहिला, तरच त्या दिवशीचे बाकीचे निकाल खरे धरायचे. ही सीरम कारखान्यात तयार होत नाहीत. ती माणसांतूनच घ्यावी लागतात.

आमच्या धंद्याचं खरं दुखणं इथे होतं. आम्हाला आजारी माणूस हवा असायचा, तोही एकाच प्रकारे आजारी. चार तऱ्हेची प्रतिपिंडं असलेलं सीरम आमच्या उपयोगाचं नसे. एका रुग्णालयाशी आमची व्यवस्था होती. रुग्णाची संमती, समितीची परवानगी, सगळं रीतसर. तिथले डॉक्टर कधी फोनवर आनंदानं सांगायचे, "मॅडम, तुमच्या त्या बाई आता चांगल्या सुधारतायत." मी "वा, छान" म्हणायचे आणि फोन ठेवून डोक्याला हात लावायचे, कारण सुधारणाऱ्या बाईच्या सीरमचा रंग फिका पडत जातो. त्यांच्या बरं होण्यानं आपलं तोंड उतरतं याची पहिल्या पहिल्यांदा लाज वाटायची. पुढे त्याचीही सवय झाली.

हिरव्या कुपीची मात्र कधी काळजी नसायची. निरोगी माणसं काय, पावलोपावली. असं मला वाटायचं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवणारे एक डॉक्टर आमचं किट वापरायचे. दर महिन्याला त्यांची काहीतरी तक्रार. एकदा त्यांनी, लाल आणि हिरवी दोन्ही कुप्या उलटंच वाचन देतात, म्हणून अर्धा तास मला फैलावर घेतलं होतं. त्यांच्याच लॅबमधल्या पोऱ्यानं दोन्ही झाकणं धुवायला म्हणून काढून अदलाबदल करून लावली होती. हे उघड झाल्यावर ते म्हणाले, "मग झाकणं निघतील अशी करताच कशाला?" अशा माणसाचा फोन आला की आमच्याकडे कुणी तो उचलायला धजत नसे. एका उन्हाळ्यात त्यांनी फोन केला की तुमच्या हिरव्या कुपीच्या खळग्याला फिकट पिवळी झाक येतेय. मी सवयीनं हसले, पण तपासलं तर त्यांचं बरोबर होतं. साठ्यातलं निरोगी सीरम जुनं होत चाललं होतं. नवीन गोळा करायला हवं होतं.

आम्ही कारखान्यातच विचारलं, कोण रक्त देणार? पॅकिंगच्या मुली हसत हसत रांगेत उभ्या राहिल्या. त्यात मनीषा होती.

मनीषा चोविसेक वर्षांची. मुळशीच्या धरणाच्या वर, डोंगरात, धनगरांची एक वस्ती आहे, तिथली सून. सासरी शेरडं-मेंढरं, थोडी भातशेती. नवरा बबन टेम्पो चालवायचा, म्हणून ती दोघं उरवड्यात खोली घेऊन राहायची. पॅकिंगला तिच्यासारखा हात नव्हता. बोलायची मात्र कमी. अर्जावरचे प्रश्न मी प्रत्येकीला तोंडी विचारले, कावीळ झाली होती का, औषधं चालू आहेत का, दिवस गेलेत का. मनीषानं सगळ्याला "न्हाई" म्हटलं.

दोन दिवसांनी सगळ्यांची सीरम पट्टीवर लावली. ओळीनं स्वच्छ खळगे, आणि मध्ये एक असा पिवळा की मला वाटलं आमच्या लॅबमधल्या मुलीनं चुकून लाल कुपीतला थेंब टाकला. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. दुसऱ्या कंपनीचं किट आणून त्यावर लावलं. तिथेही तसंच. 'रो' नावाचं एक प्रतिपिंड आहे, त्याचा खळगा. मनीषाच्या सीरममध्ये ते ठासून भरलेलं होतं आणि दुसरं काहीही नव्हतं. इतकं एकटं, इतकं जोरकस 'रो' मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी आठवलं की हे कुठल्या अनोळखी रुग्णाचं नाही. ही काचेपलीकडे बसून खोक्यांना लेबलं लावतेय.

आमचे साहेब कायद्याला धरून चालणारे. ते म्हणाले, "मॅडम, आपण किट विकतो, रिपोर्ट देत नाही. आपल्याला तो अधिकार नाही."

"रिपोर्ट नाही देत. डॉक्टरकडे जा एवढं सांगते."

"त्याचा अर्थ तोच झाला ना?"

मी निघायला उठले. तेव्हा तेच म्हणाले, "तिला घेऊन जायचं झालं तर कंपनीची गाडी न्या."

मी मनीषाला माझ्या खोलीत बोलावलं. ती दारातच म्हणाली, "मॅडम, लेबल उलटं लागलं का?"

"नाही, बस. तुला काही होतं का? डोळे कोरडे पडतात? तोंड?"

ती विचार करून म्हणाली, "डोळ्यात कचकच होतीया. धुरळ्यानं असंल. आन भाकरी कोरडी उतरत न्हाई, घासाघासाला पाणी लागतंय."

मी समजावलं. घाबरण्यासारखं नाही, हे प्रतिपिंड घेऊन कित्येक बायका जन्मभर ठणठणीत राहतात, फक्त एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं, पुढेमागे दिवस राहिले तर मात्र आधी सांगावं लागेल. एवढं बोलले आणि तिचा चेहरा बदलला.

"मॅडम, मला दिवस गेल्यात."

"मग त्या दिवशी 'नाही' का म्हणालीस?"

"आत्या म्हणली, तिसरा म्हैना भरूस्तवर कुणाला बोलू नगं." आत्या म्हणजे तिची सासू. मग तिनं विचारलं, "बाळाला काय व्हतं त्यानं?"

मला त्याचं उत्तर येत होतं. पुस्तकातलं उत्तर. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात, कारण जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाला आईचंच संरक्षण पुरवायचं असतं. चांगली असोत, वाईट असोत, नाळ निवड करत नाही. 'रो' प्रतिपिंड कधी कधी, फार थोड्या बाळांच्या हृदयात बसतं आणि ठोके वरून खाली नेणारी वाट जाळून टाकतं. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. मी "बहुतेक" या शब्दावर जोर दिला. तिनं तो शब्द ऐकला की नाही, मला माहीत नाही.

रविवारी तिची सासू, धाकूबाई, डोंगरावरून खाली आली. उरवड्याच्या त्या खोलीत मी खुर्चीवर आणि ती उंबऱ्यापाशी, पदर डोक्यावर घेऊन. वय माझ्याएवढंच असेल, पण उन्हानं वाळलेली. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं.

"माज्या सुनेला कदी तापसुदीक आला न्हाई, बाई. चार बायांचं काम एकटी वडती. आन तुमी म्हनता रगत खराब हाय."

"खराब नाही म्हणत मी. त्यात एक गोष्ट सापडली आहे."

"हुडकायला बसलं का सापडणारच की. आमच्याबी रगतात सापडंल कायबाय."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. पण बबन म्हणाला, "आये, डाक्टरला दाखवून तर बघू." आणि ते ठरलं.

पोटातल्या बाळाचं हृदय बघणाऱ्या एक डॉक्टर पुण्यात मिळाल्या. अबोल, काटेकोर बाई. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि चौथा महिना संपत आला तेव्हापासून दर आठवड्याला सोनोग्राफीला बोलावलं. बबनला टेम्पोवर सुट्टी मिळाली नाही की मी जायचे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक राखाडी ठिपका उघडमीट करायचा. डॉक्टर कसलीशी लांबी मोजायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे. पुढच्या आठवड्यात." मनीषा बाहेर येऊन हुश्श करायची. परत येताना आम्ही पौड रस्त्याला थांबून उसाचा रस प्यायचो. एकदा ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं बरं झालं. न्हाईतर कुणाला कळलं असतं?" मला बरं वाटलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, आणि आपल्या हातून आयुष्यात निदान एक गोष्ट वेळेवर झाली, असं मनात आलं.

असे काही आठवडे गेले. मग एका मंगळवारी ठोका मंद ऐकू आला. सवयीच्या कानाला लगेच कळत होतं. डॉक्टर खूप वेळ बघत राहिल्या. त्या दिवशी बबन बरोबर होता.

"हृदयाचे वरचे कप्पे ठोके देतायत," डॉक्टर म्हणाल्या. "ते खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाहीत. मधली वाट बंद झालीय."

"मंग ती उघडायची कशी?" बबननं विचारलं.

"ती उघडत नाही."

"मागच्या मंगळवारी तर चांगलं व्हतं की."

"हो. मागच्या मंगळवारी चांगलं होतं."

त्यांनी जास्त जोराच्या गोळ्या लिहून दिल्या. उपयोग होईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. काही बाळं एवढ्या मंद ठोक्यावरही तग धरतात, जन्मल्यावर त्यांना यंत्र बसवता येतं. आम्ही त्या आशेवर राहिलो. पण पुढच्या तपासण्यांत बाळाच्या पोटात पाणी दिसायला लागलं, मग छातीत. सातव्या महिन्यात एके सकाळी मनीषानं मला फोन केला, "मॅडम, हालत न्हाई." आवाज अगदी सरळ होता. ती आधीपासून त्याच शब्दांची वाट पाहत असावी.

मुलगी होती. बबन तिला कापडात घेऊन डोंगरावर गेला. मी डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत गाडीनं गेले आणि तिथेच थांबले.

काही दिवसांनी भेटायला वस्तीवर गेले. मनीषा आत झोपली होती. धाकूबाईनं मला चहा दिला. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं ती बोलली.

"तुमी सांगितलं नसतं तरी पोर गेलीच असती. व्हय ना?"

मी म्हटलं, "हो. बहुतेक."

"मंग सांगितलं कशाला? त्ये तीन-चार म्हैनं तरी पोरीनं सुखानं काढलं असतं. दर मंगळवारी मरत व्हती ती."

मी प्रयत्न केला. सगळ्याच बाळांचं असं होत नाही, लवकर कळलं तर काहींना वाचवता येतं, असं काहीबाही. धाकूबाई ऐकत होती, पण मलाच माझा आवाज माहितीपत्रक वाचल्यासारखा वाटला.

मनीषा कामावर परतली. त्या हिवाळ्यात आमच्याकडचं 'रो'चं लाल कुपीचं सीरम संपत आलं. रुग्णालयातल्या जुन्या बाईंचं उपयोगाचं राहिलं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पण पॅकिंगच्या मुलींना सगळं कळतंच. एक दिवस मनीषा स्वतः येऊन उभी राहिली.

"माझं घ्या की, मॅडम. माझ्यात लई हाय म्हणत व्हता ना."

"नको गं. मिळेल दुसरं कुठून तरी."

"दुसरं म्हंजी दुसऱ्या कुणाचंतरीच ना? माझं घ्या. वाया तरी जाऊ देऊ नगा."

काय वाया जाऊ द्यायचं नव्हतं, ते तिनं सांगितलं नाही. मी तिला दोन महिने थांबवलं, डॉक्टरांना विचारलं, तिच्या प्रकृतीला अपाय नाही अशी खात्री केली, समितीकडून परवानगी आणली. मग रक्तपेढीत तिचं रक्त घेतलं. त्याचं सीरम गाळलं, पातळ केलं, बारीक कुप्यांत भरलं, लाल झाकणं लावली. खोक्यांत त्या कुप्या ठेवायला पॅकिंगच्या टेबलावर तीच बसली होती.

मराठवाड्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. मी धास्तावून उचलला. ते म्हणाले, "या वेळचा तुमचा लाल कंट्रोल फार सुंदर आलाय बघा. एकदम स्वच्छ वाचन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं कौतुक करतोय." मी आभार मानले. दारामागे जाऊन रडावं असं काही झालं नाही. पण त्यानंतर पट्टीवरचा तो पिवळा झालेला खळगा मी रंगाचा आकडा दाखवणाऱ्या वाचनयंत्रातच बघायचे, डोळ्यांनी बघणं टाळायचे.

दीड-दोन वर्षांनी मनीषानं काम सोडलं. कारण सांगितलं नाही. नंबर बदलला. बबन टेम्पोवर दिसला की मान फिरवायचा. मला साधारण कल्पना आली. पुन्हा दिवस राहिले असले तर तिच्यासारखीला धोका पहिल्यापेक्षा जास्त, पण गोळ्या आधीपासून घेतल्या तर तो कमी करता येतो. हे तिला कळवायचं म्हणून मी दोनदा उरवड्याच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "वर गेलीया, वस्तीवर. कुणी इचारलं तर सांगू नगं म्हणलीया." कुणी म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

वस्तीवर जायचं धाडस मला झालं नाही असं नव्हे. पण माझं तोंड बघितलं की त्या बाईला काय आठवणार, याचा विचार करून मी गेले नाही. डॉक्टरांकडून निरोप पाठवला, तो पोचला. त्याला उत्तर आलं नाही.

मुलगा झाला. घरीच, सुखरूप. हे मला पॅकिंगच्या मुलींकडून कळलं. रडका, तांबडा, दणदणीत ठोक्याचा. गोळी नाही, सोनोग्राफी नाही. नशिबानं यावेळी दुसरी बाजू दाखवली होती. नशीबच ते, दुसरं काही नाही. पण वस्तीवर ते कुणाला पटवणार, आणि का पटवावं? मला आनंद झाला. टोपडं-झबलं घेऊन मी निघाले. वाटलं, आता जायला हरकत नाही.

धाकूबाईनं या खेपेला मला घोंगडीवर बसवलं. "ये बाई, ये," म्हणाली. बाळ माझ्या मांडीवर दिलं. नाव बिरू ठेवलं होतं. "ह्याला कुटंच दावलं न्हाई आमी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, अभिमान होता. आतून मनीषा चहा घेऊन आली आणि उजेडात बसली.

तिच्या दोन्ही गालांवर, नाकाच्या दांड्यावरून पसरलेला, लाल चट्टा होता. कप देताना बोटं सुजलेली दिसली. पायाला जोडवी रुतली होती. प्रतिपिंडं उलटल्यावर होणाऱ्या या आजाराची चित्रं आमच्या माहितीपत्रकावर मीच छापून घेतली होती. बाळंतपणानंतर शांत असलेलं दुखणं उसळी मारतं, हेही मला ठाऊक होतं. मी बघतेय हे मनीषाला दिसलं. तिनं हळूच मान हलवली. म्हणाली, "मॅडम, ह्या बारीला काय सांगू नका."

चहा निवत होता. मी म्हटलं, "मनीषा, लघवीला फेस येतो का?"

धाकूबाई उठली, वाकली आणि माझ्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.

मी पुढे बोलत राहिले. पायाला सूज आहे, मूत्रपिंडं तपासायला हवीत, या दुखण्यावर औषध आहे, खरंच आहे, वेळेवर दिलं तर मूत्रपिंडं वाचतात. सगळं खरं होतं. पहिल्या खेपेला कळून काही करता आलं नव्हतं. या खेपेला करता येत होतं. पण पहिल्या खेपेनंच माझं बोलणं त्या घरात कायमचं वाया घालवलं होतं. बबन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मॅडम, तुमी चांगल्यासाठीच करता. पन आता येऊ नका." मी डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घातला. आरोग्य केंद्रातल्या नर्सला भेटून सांगितलं. ती दोनदा वर जाऊन आली. मनीषा भेटली नाही, शेरडं घेऊन रानात गेल्याचं सांगितलं गेलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला झोळीत घालून खाली आणलं. तोंड सुजून डोळे मिटले होते. मूत्रपिंडं बरीचशी गेली होती. उपचार झाले, चांगले झाले, पण गेलेलं परत आलं नाही. आता तिला आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला डायलिसिसला न्यावं लागतं. बबन मोटारसायकलवर आणतो, मागे ती त्याला धरून बसलेली. मी निवृत्त झाले, तो कारखानाही दुसऱ्यांनी घेतला. आता तिथे लाल कुपीतलं सीरम बाहेरून तयार येतं म्हणतात. माझ्या घरापासून ते रुग्णालय जवळ आहे, म्हणून अधूनमधून मी जाऊन बसते. मनीषा आता मला येऊ देते. माझ्यावर राग धरायचीही ताकद तिच्यात उरलेली नाही, असं मला वाटतं. आम्ही फारसं बोलत नाही. यंत्रातून तिचं रक्त बाहेर जातं आणि परत येतं, ते आम्ही दोघी बघत बसतो.

गेल्या महिन्यात धाकूबाई बिरूला घेऊन आली होती. पोरगा चार वर्षांचा झालाय, एका जागी ठरत नाही. व्हरांड्यातल्या खुर्च्यांखालून रांगत होता. धाकूबाई माझ्याशेजारी बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक चाळवलं. मग म्हणाली,

"बाई, ह्या पोराचं रगत बघून द्या."

"कशाला? काय होतंय त्याला?"

"काय न्हाई. पन बघून द्या."

मी तिला सांगितलं की त्याची गरज नाही. आईकडून आलेलं जे काही बाळाच्या रक्तात असतं ते वर्षाच्या आतच निघून जातं. त्याचं हृदय चांगलं आहे, तो चांगला खातो, खेळतो, त्याला काही झालेलं नाही. मी सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. सांगताना मलाच बरं वाटत होतं. त्या घरातल्या माणसाला चांगली बातमी द्यायची माझी ही पहिलीच वेळ होती.

धाकूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता म्या ऐकून घीन," ती म्हणाली. "भांडणार न्हाई. जे असंल ते सांगा."

"खरंच काही नाही, धाकूबाई. त्याला काही झालेलं नाही."

"मागल्या बारीला तुमी सांगितलं आन आमी ऐकलं न्हाई. म्हनून आता सांगत न्हाई का तुमी?"

मी तिचा हात धरला. पुन्हा सांगितलं. पोरगा धडधाकट आहे, रक्त बघायची गरज नाही, तुम्ही निर्धास्त राहा. तिनं हात काढून घेतला नाही. पण मी बोलत असताना तिची नजर माझ्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात फिरत होती, मी काय लपवतेय ते शोधत.